जळणारा कचरा आणि उरणारा कचरा

औष्णिक वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या राखेचा शंभर टक्के उपयोग झाला पाहिजे, असा दंडक केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने घालून दिला. जी राख वापराविना पडून राहील तिच्यासाठी टनामागे १,००० रुपये भरपाई आकारण्याची तरतूदही त्या अधिसूचनेत आहे. या दंडकामागे बराच इतिहास आहे. १९९६-९७ साली देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निघत होती आणि तिच्यातील जेमतेम दहावा हिस्सा कामी येत होता. २०२१-२२ साली राखेचे प्रमाण २७ कोटी टनांवर गेले आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे तिच्यातील ९५ टक्क्यांहून अधिक राखेचा उपयोग झाला. पंचवीस वर्षांतील ही प्रगती लहान नव्हे आणि तिचे श्रेय संबंधितांना दिलेच पाहिजे. तथापि ‘उपयोग’ या शब्दाची व्याप्ती केवढी आहे, हेही पाहावे लागते. सिमेंटमध्ये मिसळलेली राख ही उपयोगात आलेली, रस्त्याच्या भरावात घातलेली राखही उपयोगात आलेली, आणि सखल जमिनीवर किंवा बंद पडलेल्या खाणीत ओतलेली राखही उपयोगातच आलेली. घरातला केर परसातल्या खड्ड्यात लोटून वर माती ओढली आणि ‘केराचा उपयोग केला’ असे म्हटले, तर घरची माणसे हसतील. सरकारी तक्त्यात मात्र ते चालते.

राखेचा हा प्रश्न महाराष्ट्राला दूरचा नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, भुसावळ, एकलहरे ही नावे शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापासून आपल्या परिचयाची आहेत. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे तीन वाघिणी कोळसा जाळला की एक वाघीण राख हाती उरते. नागपूरजवळ खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचे पाणी नाल्यांतून व शेतांतून पसरले, ही घटना फार जुनी नाही. तेव्हा या राखेचे काय करायचे, हा प्रश्न ज्यांच्या दारात ती उडते त्यांच्या दृष्टीने जगण्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला जी उत्तरे गेल्या काही दशकांत सुचवली गेली, त्यांत एक विशेष लक्ष वेधून घेणारे आहे. राख, भाताचे तूस, लाकडाचा भुसा, फुटकी काच, संगमरवराच्या कारखान्यातील पांढरा गाळ, अंड्यांची टरफले अशा टाकाऊ वस्तू मातीत मिसळून, ती माती भाजून, तिच्यापासून सच्छिद्र सिरॅमिक म्हणजे भाजक्या मातीचे छिद्रमय पदार्थ तयार करावयाचे, असे ते उत्तर आहे. पाणी गाळण्याची भांडी, उष्णता रोखणाऱ्या विटा, भट्ट्यांची अस्तरे, हलकी कृत्रिम खडी, असे त्यांचे नाना प्रकार. या विषयावर देशोदेशींच्या नियतकालिकांतून निबंधांचा पाऊस पडत आहे. कोणत्याही कचऱ्याचे नाव घ्यावे आणि त्यापासून सच्छिद्र सिरॅमिक केल्याचा निबंध सापडावा, अशी स्थिती आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही दरवर्षी असे प्रकल्प करतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात आणि ‘कचऱ्यातून सोने’ असा मथळा त्यांवर शोभून दिसतो. मथळ्याशी आमचे भांडण नाही. परंतु या सर्व प्रयोगांत ज्या दोन गोष्टी एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळ्या ठेवायला हव्यात, त्या सर्रास एकत्र केल्या जातात आणि त्यातून उद्या अपाय होऊ शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

भाजक्या मातीतील छिद्रांचे महत्त्व आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते छिद्रांमुळे. पाणी भिंतीतून झिरपते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि प्रत्येक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता माठाकडून व आतल्या पाण्याकडून घेऊन जाते. जुना माठ पाणी गार करीत नाही अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिचे कारणही हेच: क्षार साचून छिद्रे बुजलेली असतात. प्रयोगशाळेतही छिद्रांनी मोठी कामगिरी बजावली आहे. लुई पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८८४ साली चकाकी न दिलेल्या चिनी मातीची नळी करून तिच्यातून पाणी गाळले आणि जिवाणू मागे ठेवले. पुढे १८९२ साली दिमित्री इवानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशाच नळीतून गाळला, तरी गाळलेल्या रसाने रोग पसरवलाच. जिवाणूंहूनही सूक्ष्म असे काही अस्तित्वात आहे, ही जाणीव तिथून सुरू झाली आणि त्यातून विषाणुशास्त्र जन्माला आले. मातीच्या नळीत काय अडते यापेक्षा काय अडत नाही, यातून एक नवे शास्त्र निघाले, हा विज्ञानाच्या इतिहासातला मोठा गमतीचा योग म्हटला पाहिजे.

आता ही छिद्रे पाडायची कशी? याचे सर्वांत सोपे उत्तर कुंभाराला व वीटभट्टीवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मातीत लीद, तूस, भुसा, चिपाडाचा चुरा असे काहीतरी जळणारे मिसळायचे. भांडे किंवा वीट आव्यात चढली की तीनशे-चारशे अंशांपासून हे पदार्थ जळू लागतात, सातशे-आठशे अंशांपर्यंत त्यांचा कोळसाही जळून संपतो आणि जिथे तुसाचा कण होता तिथे तुसाच्याच आकाराची पोकळी राहते. भोवतालची माती तोपर्यंत पक्की होत आलेली असते. शास्त्रीय परिभाषेत या मिसळणाला छिद्रकारक म्हणतात. कुंभार त्याला काहीच म्हणत नाही, तो फक्त मिसळतो. त्यात आणखी एक लाभ आहे. तूस हे इंधनही आहे; किलोमागे सुमारे तीन हजार किलोकॅलरी उष्णता त्यातून मिळते. ती विटेच्या पोटातच निर्माण होत असल्यामुळे बाहेरून घालावे लागणारे लाकूड वा कोळसा त्या प्रमाणात वाचतो. घाई केली, हवा पुरेशी खेळू दिली नाही, तर मात्र आतला कोळसा पुरता जळत नाही आणि वीट फोडली की तिचा गाभा काळा निघतो. आव्याला वेळ द्यावा लागतो. आपल्या भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतून तुसाचे डोंगर निघतात. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस, आणि ते जाळले तर सुमारे ४ किलो राख, असा ढोबळ हिशेब आहे. कच्च्या मालाची वाण नाही.

अगदी अलीकडच्या काळातले याचे सर्वांत बोलके उदाहरण पाण्याच्या गाळणीचे आहे. ग्वाटेमाला देशातील फर्नांदो मासारिएगोस या रसायनतज्ज्ञाने १९८१ साली स्थानिक माती व भुसा यांपासून कुंडीच्या आकाराचे एक भांडे तयार करविले. ते भाजून त्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा हात फिरवायचा, झाकणाच्या पिंपात ते बसवायचे आणि वरून गढूळ पाणी ओतायचे. तासाला एक ते तीन लिटर पाणी झिरपून खाली जमते. वीज लागत नाही, पंप लागत नाही. निकाराग्वात १९९८ साली आलेल्या मिच चक्रीवादळानंतर ‘पॉटर्स फॉर पीस’ या कुंभारांच्या संस्थेने हे तंत्र हाती घेतले आणि पुढे ते अनेक गरीब देशांत नेले. त्या कामाचे प्रमुख रॉन रिवेरा नायजेरियात असेच एक केंद्र उभारताना हिवतापाने आजारी पडले व २००८ साली वारले. कंबोडियात भाताचे तूस वापरून अशी भांडी मोठ्या प्रमाणावर तयार झाली. तिथल्या खेड्यांतून शास्त्रीय पद्धतीने पाहणी झाली तेव्हा गाळणी वापरणाऱ्या घरांत अतिसाराचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. त्याच पाहणीत असेही दिसले की, दर महिन्याला सुमारे दोन टक्के गाळण्या वापरातून जात होत्या आणि त्याचे मुख्य कारण भांडे फुटणे हे होते. या दुसऱ्या निष्कर्षाकडे उत्साही मंडळींचे लक्ष क्वचितच जाते. गाळणी घरात पोहोचवणे हे अर्धे काम; फुटली तर दुसरी कुठे मिळेल, हे ठाऊक असणे हे उरलेले अर्धे.

आपल्या देशातही हा विचार झाला नाही असे नाही. भुवनेश्वरच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने तांबडी माती, नदीची वाळू व लाकडाचा भुसा यांपासून ‘टेराफिल’ नावाची भाजक्या मातीची गाळणतबकडी विकसित केली. पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्राने भाताच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ ही गाळणी बनवली. तिच्याच वंशातली ‘स्वच्छ’ २००९ च्या डिसेंबरात बाजारात आली. ‘सुजल’ ही भाजक्या मातीची नव्हे, सिमेंटच्या आधाराने बांधलेल्या राखेची. पण तुसाचा उपयोग पाणी शुद्ध करण्यासाठी होऊ शकतो, हा विचार एकच. त्यामुळे परदेशातून काही आणावयाचे आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही.

इथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु वर ज्या कचऱ्यांची यादी दिली, त्यांत तूस आणि भुसा एका जातीचे, तर वीजकेंद्राची राख, कारखान्यांचा गाळ, धातू ओतण्याच्या फाउंड्रीतील वापरलेली वाळू या वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. पहिल्या जातीचा कचरा जळून जातो आणि आपल्यामागे पोकळी ठेवतो. दुसऱ्या जातीचा कचरा जळत नाही. तो भांड्याच्या किंवा विटेच्या अंगातच राहतो, तिचा भाग बनतो. त्या कचऱ्यात शिसे, आर्सेनिक, क्रोमियम असे काही असेल, तर तेही तिथेच राहते. हा भेद साधा आहे, पण शास्त्रीय निबंधांच्या मथळ्यांत आणि सरकारी परिपत्रकांत तो पुसला जातो. तिथे दोन्ही ‘टाकाऊ पदार्थ’च.

सच्छिद्र वस्तूच्या बाबतीत या भेदाला विशेष धार येते. घातक द्रव्ये मातीत मिसळून भाजली की ती बंदिस्त होतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. काचेसारख्या घट्ट, वितळून एकजीव झालेल्या पदार्थाच्या बाबतीत यात बरेच तथ्य आहे. पाण्याला आत शिरायला वाटच नसते. पण छिद्रमय पदार्थाचा सारा गुण तर पाण्याला व हवेला वाट देण्यात आहे. मूठभर वस्तूच्या पोटात छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ घरभराचे असते आणि त्या सगळ्या क्षेत्रफळावरून पाणी वाहते. विष लपवायला याहून अयोग्य जागा शोधूनही सापडायची नाही. त्यात पुन्हा ते भांडे पिण्याच्या पाण्याचे असेल, तर काय बोलावे?

हे संकट कल्पनेतले नाही. काही देशांतील मातीच्या गाळण्यांतून सुरुवातीच्या पाण्यात आर्सेनिक उतरल्याचे तपासण्यांत आढळले आहे. तिथे दोष कचऱ्याचाही नव्हता, मातीचाच होता. मग बाहेरचे काही मिसळताना किती सावधगिरी हवी, याचा अंदाज यावा. अगदी निरुपद्रवी वाटणारा भुसाच घ्या. वाळवी लागू नये म्हणून लाकडात तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांची संयुगे मुरवण्याची पद्धत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोन्ती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली शोधून काढली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. तारांचे खांब, कुंपणाच्या बल्ल्या, बांधकामाचे लाकूड यांना ती प्रक्रिया दिली जाई. अशा लाकडाचा भुसा मातीत पडला तर लाकूड जळून जाईल आणि आर्सेनिकचा बराचसा अंश भांड्यात राहील. जो राहणार नाही तो धुरावाटे आवा लावणाऱ्याच्या छातीत जाईल. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड यांचीही हीच कथा. म्हणजे जळणाऱ्या जातीच्या कचऱ्यातसुद्धा उरणारा अंश दडलेला असू शकतो. वखारीतला भुसा कोणत्या लाकडाचा, हे विचारण्याची पद्धत नाही. ती पाडावी लागेल.

संत गोरोबांनी थापटणे घेऊन मडके पक्के की कच्चे ते पारखले, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. कुंभाराची ती पारख आजही खरी आहे. भांड्यावर टिचकी मारली की नाद सांगतो, भाजणी कशी झाली ते. परंतु आर्सेनिकचा नाद येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि ती कुंभारवाड्याच्या आसपास कुठेही नसते.

मग उरणाऱ्या कचऱ्याने काय करावे? त्याला मातीत थारा देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. जागा पाहून द्यावा. वीजकेंद्राच्या राखेत मुख्यत्वे सिलिका व अॅल्युमिना ही मातीतलीच द्रव्ये असतात. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आत असणाऱ्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळण्याचे बंधन घातले आणि पुढे ते अंतर वाढवत नेले. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीला तर राख उपकारकच ठरते. ही माती वाळताना फार आक्रसते, विटेला भेगा पडतात. राख मिसळली की आक्रसणे आटोक्यात येते. राखेतला उरलासुरला न जळलेला कोळसा भट्टीत जळतो आणि थोडे इंधनही वाचते. भिंतीच्या विटेतून कोणी पाणी पीत नाही, भिंतीला गिलावाही असतो; तेव्हा राख तपासून घेतली असेल तर तिथे तिला जागा देण्यास हरकत नसावी. युरोपात भुसा आणि कागद गिरण्यांचा गाळ मिसळून हलके, छिद्रमय मातीचे ठोकळे अनेक दशकांपासून तयार होत आले आहेत आणि थंड देशांतल्या घरांची ऊब त्यांनी राखली आहे. ब्रिटनमध्ये राखेच्या गोळ्या भाजून केलेली हलकी खडी १९६० च्या दशकापासून काँक्रीटमध्ये वापरली जाते.

वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या बाजारात ‘फ्लाय अॅश वीट’ म्हणून जी करड्या रंगाची वीट मिळते, ती बहुतेक वेळा भाजलेली नसते. ती सिमेंट किंवा चुन्याने बांधलेली असते. तिचे गुणदोष वेगळे आहेत. भाजावी लागत नाही, जमिनीचा सुपीक थर खरवडावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती या लेखाचा विषय नव्हे, आणि तिच्या खपाचे आकडे दाखवून कुंभारकामाची वा वीटभट्टीची सुधारणा झाली असे म्हणणे बरोबर ठरणार नाही.

भाजलेल्या सच्छिद्र विटेची खरी गरज आपल्याला उन्हाळ्यासाठी आहे. स्थिर हवा ही भरीव विटेच्या मानाने वीस-तीस पटींनी कमी उष्णता वाहते. विटेच्या अंगात बारीक बारीक पोकळ्यांतून ही हवा कोंडून ठेवली, की दुपारचे ऊन भिंतीतून आत यायला वेळ लागतो. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा या विलंबाला काय मोल आहे, ते पत्र्याखाली राहणाऱ्यालाच विचारावे. असे असून, आपल्या प्रमाणित विटेची कसोटी कोणती? भारतीय मानक १०७७ नुसार विटेने चोवीस तास पाण्यात बुडवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषता कामा नये. अधिक मजबूत प्रतीच्या विटेला ही मर्यादा १५ टक्के आहे. पाणी शोषते ते छिद्रांतून. म्हणजे छिद्रे जितकी कमी तितकी वीट चांगली, असे हे मानक मानते. भार पेलणाऱ्या आणि पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीसाठी ते योग्यच आहे. परंतु आजच्या इमारतींत भार खांब व तुळया पेलतात आणि भिंत केवळ आडोसा असते. तिच्यासाठी, किंवा गच्चीवर अंथरायच्या उष्णतारोधक थरासाठी, हीच फूटपट्टी लावल्यास सच्छिद्र वीट परीक्षेला बसण्याआधीच नापास होते.

अर्थात छिद्रांची किंमत द्यावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. छिद्रे वाढली की ताकद घटते, आणि ती सरळ प्रमाणात न घटता फार वेगाने घटते. तूस चाळून न घेता मिसळले तर मोठी छिद्रे पडतात, भांडे ठिसूळ होते आणि गाळणी असेल तर पाणी न गाळताच खाली येते. पाण्याच्या गाळणीलाही तिच्या मर्यादा आहेत. गढूळपणा आणि जिवाणू ती चांगले अडवते. विषाणूंच्या बाबतीत तिचा भरवसा धरता येत नाही, आणि पाण्यात विरघळलेले फ्लोराइड, नायट्रेट ती मुळीच अडवत नाही. यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावात ही गाळणी वाटून ‘शुद्ध पाण्याची सोय झाली’ असा फलक कोणी लावला, तर तो लोकांचा घात होईल. जिथे रोग जिवाणूंचा आहे तिथेच हे औषध लागू पडते.

एवढे सारे निबंध लिहिले जाऊनही बाजारात वस्तू का दिसत नाहीत, याचे उत्तर या मर्यादांपेक्षा निराळे आहे. कचऱ्याचा धर्मच मुळी अस्थिर असतो. आज आलेल्या राखेत न जळलेला कोळसा दोन टक्के, तर पुढच्या महिन्यात दहा टक्के. प्रयोगशाळेतला विद्यार्थी एक पोतेभर राख आणून तिच्यावर वर्षभर काम करतो आणि त्याचे निष्कर्ष त्या पोत्यापुरते खरे ठरतात. भट्टीवाल्याला मात्र रोज नव्या पोत्याशी गाठ असते. शिवाय जो पदार्थ फुकट मिळतो म्हणून निवडावा, तो उपयोगी ठरताच फुकट राहत नाही. तुसाचेच पाहा. एकेकाळी गिरणीवाला ते उचलून नेणाऱ्याचे आभार मानी. आज बॉयलरसाठी त्याची खरेदी होते आणि कुंभाराला त्या दराशी बरोबरी करता येत नाही. टाकाऊपण हा वस्तूचा गुणधर्म नसतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंतची ती एक अवस्था असते. निबंधाच्या शेवटी खर्चाचा तक्ता देताना कच्च्या मालापुढे शून्य लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.

याहून गंभीर शंका वेगळीच आहे. शंभर टक्के उपयोगाची सक्ती आणि टनामागे दंड, अशी व्यवस्था असली की ज्याच्याकडे कचरा आहे त्याला तो कुणाच्या तरी अंगणात नेऊन टाकण्याची घाई होते. वीटभट्टी ही त्यासाठी सोयीची जागा. आज राख आहे. उद्या विद्युतविलेपनाच्या कारखान्यातला गाळ, परवा कातडी कमावण्याच्या कारखान्यातला क्रोमियमचा गाळ ‘सच्छिद्र वीट’ या गोंडस नावाखाली मातीत शिरेल. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या केंद्रांतून निघणाऱ्या वापरलेल्या वाळूचेही तसेच: साधी बेंटोनाइट मातीने बांधलेली वाळू वेगळी आणि रासायनिक राळेने बांधलेली वाळू वेगळी, आणि ढिगात दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात. वीटभट्टीवर राबणारी बहुतेक माणसे हंगामी, स्थलांतरित, बायकामुलांसह भट्टीशेजारी झोपडीत राहणारी. धूर त्यांच्याच वाट्याला येतो. त्यांच्यापैकी कोणीही हे निबंध वाचलेले नाहीत, आणि त्यांना विचारून हे प्रयोग झालेले नाहीत.

तेव्हा काय करता येईल? जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय तंत्रनिकेतने आहेत, त्यांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, शिकवणारे प्राध्यापक आहेत. मातीचा, राखेचा, भुशाचा नमुना घेऊन कुंभार किंवा भट्टीवाला तिथे गेला, तर अल्प शुल्कात त्याला तपासून मिळावा, आणि भाजलेली वस्तू पाण्यात ठेवून त्या पाण्यात काय उतरते तेही पाहून मिळावे. जड धातूंच्या सूक्ष्म अंशासाठी लागणारे उपकरण प्रत्येक ठिकाणी नसेल. ते विभागीय ठिकाणी ठेवून नमुने तिथे पाठवता येतील. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांनाही त्यामुळे खरा विषय मिळेल. छिद्रांचे प्रमाण काढायला तर तराजू आणि पाण्याचे पातेले पुरते: कोरडी वस्तू तोला, पाण्यात उकळून थंड होऊ द्या, पाण्यात टांगून तोला, मग पुसून पुन्हा तोला. शाळेतल्या शिक्षकाने आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवताना माठाचे खापर घेऊन हा प्रयोग वर्गात करावा. मुले तो विसरणार नाहीत.

पिण्याच्या पाण्याशी संबंध येईल अशा भांड्यात फक्त शेतीतून निघालेला, ओळखीचा, जळून जाणारा कचरा वापरावा, आणि वीजकेंद्राची राख वा कारखान्याचा गाळ त्यात मिसळण्यास स्पष्ट मनाई असावी. आडोशाच्या व उष्णतारोधक विटांसाठी मानक संस्थेने स्वतंत्र कसोट्या लावाव्यात आणि त्यांत उष्णतावहनाची व विषारी अंश झिरपण्याची, अशा दोन्ही चाचण्या असाव्यात. यासाठी नवा शोध लावण्याची गरज नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट आहे आणि तिला खर्चही फारसा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालात राखेच्या उपयोगाचे जे रकाने असतात, त्यांत विटा, ठोकळे व फरशा यांचा एकच रकाना आहे. भाजलेल्या विटेत किती राख गेली आणि सिमेंटने बांधलेल्या विटेत किती, हे त्यातून कळत नाही. त्या एका रकान्याचे दोन करावेत. पहिल्या रकान्यात कोणता आकडा पडतो ते पाहिल्यावर, १९९९ सालच्या पंचवीस टक्क्यांच्या बंधनाचे भट्ट्यांवर प्रत्यक्षात काय झाले, याविषयी बोलता येईल.